तीन वाट्यांचा नियम

मौजा टेंभरी, तालुका गडचिरोली
१० नोव्हेंबर १९५७

बाई,

हे पत्र तुला तिथल्या शाळेचे गुरुजी वाचून दाखवतील, म्हणून आधी त्यांना नमस्कार. गुरुजी, माझी बहीण मध्येच उठून गेली तर हाक मारू नका, तसेच वाचत राहा. ती चुलीपाशी गेली तरी तिचे कान इकडेच असतात. लहानपणी मी पाढे म्हणायचो तेव्हा ती भाताची पेज गाळता गाळता माझ्या चुका काढायची, आणि तिला स्वतःला एक अक्षर येत नव्हतं.

बाई, तू गेलीस त्याला सहा महिने झाले. कोरपन्याला कुंताबाईकडे राहून तू कापूस वेचतेस असं बाजारात कळलं. नणंद चांगली आहे, तुला दोन घास कमी पडू देणार नाही, हे मी जाणतो. पण आपल्या ढिवरांच्या घरात कोणी कापसाला हात लावल्याचं मला तरी माहीत नाही. तुझे हात जाळ्याच्या गाठी मारणारे. बोंडांनी ते फाटत असतील.

घर नीट आहे. पावसात छपराचे चार कवेलू सरकले होते, ते मी बसवून घेतले. भाऊजींचा डोंगा तलावाच्या पाळीवर पालथा घालून ठेवला आहे. त्याला कोणी हात लावत नाही.

तू कशावर रागावून गेलीस ते मला ठाऊक आहे, उगाच साळसूदपणा करत नाही. तलाव मच्छीमारांच्या सोसायटीकडे आला, गावात सातवी झालेला मीच, म्हणून मला सेक्रेटरी केलं आणि मी वाट्यांचा नियम बदलला. आधी सगळ्या घरांना सारखा वाटा होता. मी बुडी मारणाऱ्याला तीन, जाळं ओढणाऱ्याला दोन, पाणी बडवणाऱ्याला आणि टोपल्या वाहणाऱ्या बाईला एक असं केलं. ज्या घरातून कोणीच पाण्याला लागत नाही त्याला काही नाही. मग फाल्गुनात भाऊजी बुडाले, आणि तू सुतकात घरी बसलेली असताना पुढच्या ओढीत तुझ्या घराला काही आलं नाही. नथ्थूभाऊंनी सगळ्यांच्या टोपल्यांतून मूठमूठ मासळी गोळा करून तुझ्या दारात आणली, ती तू परत पाठवलीस आणि वैशाखात पेटी उचलून निघालीस. माझ्या अंगणावरून गेलीस, पण आत आली नाहीस.

पण मला एक सांग, तो नियम मी कोणासाठी केला होता? पंचक्रोशीत भाऊजींसारखा बुडी मारणारा कोण होता? ते तीन वाटे तुझ्याच घरी येणार होते. मी माझ्या बहिणीचं भलं पाहिलं, यात माझं काय चुकलं ते मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

पौषात जाळी उतरतील. परत ये. टोपलीचं काम तुझ्या नावाने राखून ठेवतो.

तुझा
इस्तारी


टेंभरी
१ डिसेंबर १९५७

बाई,

गुरुजींचं कार्ड आलं. तू शेवटपर्यंत ऐकलंस, एवढंच त्यांनी लिहिलं आहे. खाली आपल्या मनाने एक ओळ घातली आहे. दिवाळीला कुंताबाईने आणलेलं लुगडं तू नेसली नाहीस. म्हणालीस, “मीनं लुगडं मागतलं म्हनून त माहा मानूस तापात पान्यात उतरला.”

त्या दिवशी पाळीवर, भाऊजींना बाहेर काढलं तेव्हाही तू सगळ्या गावासमोर हेच म्हणाली होतीस. ही ओळ वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. का, ते आज लिहवत नाही. त्याऐवजी सभेचं लिहितो. तुला ते माहीत आहे, पण गुरुजींनाही कळू दे, म्हणजे आपण कोणत्या माणसाचं पत्र वाचतो आहोत हे त्यांना समजेल.

गुरुजी, आमच्याकडे जुनी रीत अशी. मासळीचे ढीग पाळीवर मांडायचे, जितकी घरं तितके ढीग. एकाला ढिगांकडे पाठ करून बसवायचं. दुसऱ्याने एका ढिगावर हात ठेवून विचारायचं, “हा कोनाचा?” पाठमोऱ्याने एका घराचं नाव घ्यायचं. कोणता ढीग कोणाकडे जाईल हे मांडणाऱ्याला ठाऊक नसे, म्हणून तो हात राखून मांडत नसे. बुडी मारणाऱ्याचं घर, म्हाताऱ्या नथ्थूभाऊंचं घर, धुरपताबाईसारख्या एकट्या विधवेचं घर, सगळे ढीग सारखे. लहान असताना पाठमोरं बसवायला मलाच न्यायचे. बाई मला कडेवरून उतरवून तिथे बसवायची आणि कानात सांगायची, “वळून पाह्यलं त मार खाशीन.”

मग सोसायटी झाली. माहिती द्यायला एक साहेब आले. मोठे भले गृहस्थ, माझ्या घरी पोहे खाऊन गेले. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. जसं काम तसा दाम, चपराशाला वेगळा, बाबूला वेगळा, साहेबाला वेगळा. आणि दुसरी, जास्त दाम घेणाऱ्याकडून सरकार कर घेतं, त्यांच्याही पगारातून कापतात. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच बैठकीत सांगितल्या. मी पहिली तेवढी उचलली.

सभेत मी म्हणालो, दम कोंडून तळाच्या खुंटात अडकलेलं जाळं सोडवणारा आणि काठावर काठी आपटणारा सारखेच कसे? लोकांना ते पटलं. खोटं कशाला बोलू, आजही मला त्यात खोट दिसत नाही. तू बायांमधून उठून म्हणालीस, “पान्यात सगळेच भिजतात. बडवनारे नसन त मासा जाळ्यात येईन का?” बाया हसल्या आणि मी तुला खाली बसायला सांगितलं.

मग नथ्थूभाऊंनी मधला मार्ग काढला. “तीन घ्या बाबू, आमचं ना नाई. पन तिनातला पाव काढून ठेवत जा. धुरपतासारख्यायले होईन.” साहेबांची दुसरी गोष्ट ती हीच, आणि ती म्हाताऱ्याला कोणी न शिकवता सुचली होती. मी तिला पट्टी म्हणालो, खंडणीही म्हणालो. जो जीव घालतो त्याच्याच ताटातून का काढता, असं विचारलं. भाऊजी मागे टेकून बसले होते. ते म्हणाले, “काढू दे ना इस्तारी. मले एवढं खायाले लागते कुठी?”

मी त्यांना सगळ्यांदेखत म्हणालो, तुम्हाला यातलं काही समजत नाही, भाऊजी. ते मान खाजवत हसले. पट्टी बारगळली.

आज एवढंच. लुगड्याचं डोक्यातून काढून टाक, बाई. काढून टाक असं मी का म्हणतो ते विचारू नको.

इस्तारी


टेंभरी
२२ डिसेंबर १९५७

बाई,

तीन आठवडे मी रोज कागद काढतो आणि ठेवून देतो. आज लिहितो. गुरुजी, तुम्हाला हे मोठ्याने वाचावं लागेल याची मला लाज आहे, पण मधलं काही गाळू नका.

लुगड्याचं खरं नाही. त्या सकाळी मी मोहाच्या झाडाखाली हजेरीची वही घेऊन बसलो होतो. भाऊजी घोंगडी पांघरून आले. म्हणाले, “आंग तापलं हाये रे. आज मी बडवाले राह्यतो. बुडीले दुसऱ्या कोनाले पाठव.”

मी वहीतून मान वर केली नाही. म्हणालो, राहा ना. पण मग आज एकच वाटा लिहीन.

त्यांनी घोंगडी अंगाशी ओढून घेतली. मग म्हणाले, “घरच्या मानसालेबी?”

मी म्हणालो, तुमच्यापासूनच नियम मोडला तर बाकीचे काय म्हणतील? आणि बाई, हे वाक्य बोलून मला बरं वाटलं. आपण मोठे न्यायाचे झालो असं वाटलं. ते घोंगडी काढून, घडी करून माझ्या शेजारी ठेवून निघाले.

जुन्या रीतीत जाळं खुंटात अडकलं की चौघे आळीपाळीने उतरायचे. थकला तो काठावर बसायचा, ढीग कोणाचाच कमी व्हायचा नाही. त्या दिवशी लटारूभाऊजी एकटेच उतरले. बाकीचे काठावर उभे होते, आणि कोणी वाईट नव्हतं. आपण मध्ये उतरलो तर लटारूभाऊंचे वाटे आपण खाल्ल्यासारखं होईल, असं त्यांना वाटलं. लटारूभाऊ आजारी असून आलेत, त्यांचं त्यांना मिळू द्यावं म्हणून ते भलेपणाने थांबले. भलेपणातच वेळ गेला. मग सगळेच उतरले.

तू धावत आलीस आणि छाती बडवत ते लुगड्याचं बोललीस. ते ऐकून मला काय वाटलं ते लिहितो, मग तू मला काहीही म्हण. मला सुटल्यासारखं वाटलं. माझी बहीण आपल्या अंगावर घेते आहे हे मला दिसत होतं आणि मी तिला घेऊ दिलं. नऊ महिने घेऊ दिलं.

अजून एक आहे. वाट्यांचा नियम मी केला, पण माझं त्यात काहीच नव्हतं. सेक्रेटरीचा पगार महिना तीस रुपये, आणि तो सगळ्यांच्या आधी बाजूला काढायचा. बुडी मारणाऱ्याला अख्ख्या हंगामात जेवढं मिळतं तेवढं मला कोरड्या पायांनी दोन महिन्यांत मिळतं. सभेत हे कोणी विचारलं नाही. मीही काढलं नाही. नथ्थूभाऊंची पट्टी आली असती तर आज ना उद्या कोणीतरी माझ्या पगाराकडे बोट दाखवलं असतं, आणि मी ओरडलो त्यात हेही होतं. तुझ्या भल्यासाठी ओरडलो असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. ते अर्धं खरं होतं.

तू त्यांना पाठवलं नाहीस, बाई. मी पाठवलं. लुगडं नेस. परत ये असं आता म्हणायला मला तोंड नाही, म्हणून म्हणत नाही.

इस्तारी


टेंभरी
१९ जानेवारी १९५८

बाई,

तुझं उत्तर नाही, गुरुजींचंही कार्ड नाही. तरी लिहितो, कारण परवा सभा झाली आणि तिथे मला जे कळलं ते तुझ्याशिवाय कोणाला लिहिणार?

तुला लिहिलं ते गावालाही सांगायचं असं मी ठरवलं होतं. देवळापुढे सगळे जमले तेव्हा उभा राहिलो आणि त्या सकाळचं सगळं सांगितलं. ताप, वही, एकच वाटा, सगळं. आता लोक उठतील, अंगावर येतील, म्हणून मी डोळे मिटून घेतले होते. कोणी हललं नाही. धुरपताबाई पदराने नाक पुसत होती. नथ्थूभाऊ म्हणाले, “बस खाली. आमाले मालूम हाये.”

मला काही उमजेना.

“धुरपता मोहामागं टोपली बांधत होती. तिनं आयकलं. लटारूबी घरी जाऊन, धोतर बदलून, बायकोले, गोकुळाले हे सांगून मंग पान्यात उतरला. आमी त तुले सोसायटीतून काढून वाळीत टाकनार होतो. तुही बहीन तिसऱ्या दिवशी घरोघरी फिरली. म्हने, माहा मानूस गेला, आता भाऊ नका घेऊ. सगळ्यायले शपथ घातली तिनं.”

मी विचारलं, आणि लुगडं?

“कायचं लुगडं? तिनं जन्मात कधी काही मागतलं का?”

बाई, मी तिथेच बसलो आणि रडलो. सेक्रेटरी रडतो आहे हे पोरं पाहत होती, पाहू दे. तू पाळीवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस आणि त्याच वेळी माझ्यासाठी खोटं रचत होतीस. एवढं सुचलं कसं तुला? आणि मी तुला लांबच्या गावी तीन पत्रं लिहून तू रागावलीस म्हणून रुसत होतो.

नथ्थूभाऊंनी मला रडू दिलं आणि मग पट्टीचं काढलं. बुडीचे तीन वाटे राहू द्यावेत, त्यातला पाव काढावा. ओढणाऱ्याच्या दोनातून त्याहून कमी. एक वाटा घेणाऱ्याकडून काही नाही. मी म्हणालो, माझ्या पगारातून तिसरा हिस्सा काढा, तोही सगळ्यांच्या आधी. ते सगळं ज्या घरात पाण्यात उतरायला माणूस नाही तिथे जाईल. कोलू चिडला. आता तोच पहिल्या नंबरचा बुडी मारणारा आहे. म्हणाला, “माहं काऊन कापता? लटारूभाऊच्या मरनाचा दंड मी काऊन भरू?”

त्याचं चूक होतं असं मी म्हणत नाही. मागच्या वर्षी मी हेच बोललो होतो. त्याला धुरपताबाईने उत्तर दिलं. “दंड नाई बाबू. उद्या तुही मंगली माह्या जागी बसली त तिले भेटन, म्हनून ठेवाचं.” कोलूने बायांमध्ये बसलेल्या आपल्या बायकोकडे, मंगलीकडे पाहिलं. त्याने अंगठा केला, पण राग गेला नव्हता. जाईलही किंवा नाही जाणार.

आणि बुडीला दोघे मिळूनच उतरायचं असंही ठरलं. वाटे दोघांनाही तीनच.

हे सगळं मागच्या वर्षी एका सकाळी होऊ शकत होतं, बाई. सभेला जेवढा वेळ लागला तेवढाच वेळ लागला असता. मी तुला खाली बसवलं नसतं तर भाऊजी आज कुठेतरी झाडाखाली चिलीम ओढत बसले असते, आणि तू त्यांना नावं ठेवत असतीस.

इस्तारी


टेंभरी
९ फेब्रुवारी १९५८

बाई,

दोन मनीऑर्डरी पाठवल्या आहेत. एक सोसायटीची. माघातली पहिली ओढ चांगली झाली, रोहू आणि मरळ बक्कळ आली, त्यातल्या पट्टीतून तुझ्या घराचा वाटा निघाला तो. दुसरी माझी. माझ्या पगारातून पट्टी जाऊन राहतं त्यातलं अर्धं दर महिन्याला तुला पाठवायचं असं मी ठरवलं आहे. नाही म्हणू नको.

मला एकच विचारायचं आहे. तू सगळ्यांना शपथ घातलीस, माझ्यावर राग नव्हता, मग गेलीस का? इथे राहिली असतीस तर मी रोज तुझ्या दारात येऊन बसलो असतो. तू बोलली नसतीस तरी चाललं असतं.

तू म्हणशील तर मी सेक्रेटरीचं काम सोडून देतो. तू म्हणशील तर गाव सोडतो, तू तुझ्या घरी ये. गुरुजी, तिला एवढं विचारा आणि ती जे म्हणेल ते तिच्याच शब्दांत लिहा. चांगलं करून लिहू नका.

तुझा
इस्तारी


कोरपना
२४ फेब्रुवारी १९५८

श्री. इस्तारी यांस नमस्कार.

आपल्या सूचनेप्रमाणे गोकुळाबाईंचे शब्द आहेत तसे लिहितो. आपली सर्व पत्रे मी त्यांना वाचून दाखवली आहेत, काही गाळलेले नाही.

पोस्टमन आला तेव्हा मी तिथेच होतो. त्यांनी मला विचारले, “हे इस्तारीनं पाठवले का गावानं?” मी दोन्ही फॉर्म वाचून सांगितले. सोसायटीच्या फॉर्मवर त्यांनी अंगठा केला. म्हणाल्या, “हा माहा वाटा हाये, हा घेतो.” दुसरी रक्कम त्यांनी घेतली नाही. ती आपल्याकडे परत येईल. “त्याले म्हनाव, तुह्याकडं माहं काही निघत नाई.”

परत येण्याविषयी मी दोनदा विचारले. पहिल्यांदा त्या चुलीकडे उठून गेल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या, “शपथ लोकायले घातली होती, माह्या तोंडाले कोन घालन? रोज समोर दिसला असता त एक ना एक दिवस बोलून बसली असती. म्हनून आली.” माफ केले का, असे मी माझ्या मनाने विचारले. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी काहीतरी वेडगळ विचारले आहे. “लहानाचा मोठा केला त्याले मीनं. माफ काय कराचं त्यात?”

मग मी म्हणालो, भावाला पुढचे पत्र काय लिहायला सांगू? त्या ओट्यावर येऊन बसल्या. नंतर जे म्हणाल्या ते लिहिताना मला संकोच वाटतो, पण आपण चांगले करून लिहू नका असे बजावले आहे.

“आता लिहू नको म्हना. वाचता तुमी, पन मले त्याचाच आवाज आयकू येते. मंग दोन-दोन दिवस हात चालत नाई, आन इथी वजनावर मजुरी हाये.”